वन्सं आणि पडद्याचे बंद

वन्सं मला कधीच आवडल्या नाहीत, आणि हे मी त्यांच्या तोंडावर दोनदा सांगितलेलं आहे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या स्टुलावर उभ्या राहून पडदा बांधत होत्या. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "आवडायला मी काय भाजी हाय?" आणि बांधत राहिल्या. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मामला फार वाईट होता. तो पुढे येईलच.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गावाच्या त्या 'बाई', कारण सारं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात गेलेलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या त्या महिन्यात एक पत्र्याची ट्रंक आणि खांद्याला एक खादीची शबनम पिशवी, एवढं घेऊन आमच्या दारात उतरल्या. "आले गो," म्हणाल्या. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पाण्याचा पेला हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर घरातले पडदे बघितले.

त्यांच्या नजरेतच खोट होती. कुठलीही लांबट वस्तू दिसली की ती पडद्याभोवती कशी बसेल, हेच त्यांना आधी दिसायचं. माणसं पट्टा बघतात तेव्हा त्यांना कंबर आठवते. वन्संना खिडकी आठवायची. एकदा सकाळी आमचे हे म्हसळ्याच्या एसटीसाठी निघाले, तर पट्टा सापडेना. सगळं कपाट उपसलं. तोवर गाडीचा हॉर्न वाजला आणि हे एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पँट धरून धावत सुटले. पट्टा मधल्या खोलीच्या पडद्याला होता, नीट, बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवून. संध्याकाळी ह्यांनी विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "शेवटच्या भोकावर आला होतास. नवा घे." बहिणीपुढे ह्यांचं तोंड कधी उघडलं नाही. ते काम माझ्याकडे होतं.

आता पडदे बांधायची एवढी काय गरज, असं कुणाला वाटेल. आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. समोर सुरूची झाडं, मग वाळू, मग समुद्र. मी आत डोंगराकडच्या तळा गावची. तळ्यात वारा येतो तो परक्या घरी आल्यासारखा, दारात थांबून. इथला वारा घरात शिरून चहाचा कप उलथवतो, भिंतीवरचं कॅलेंडर फाडतो आणि पडदा मोकळा असेल तर जेवणाऱ्याच्या ताटात आणून टाकतो. आम्ही मागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या त्या वर्षी मी हौसेनं म्हसळ्याच्या बाजारातून पितळी दिसणाऱ्या कड्या आणल्या आणि भिंतींना ठोकून घेतल्या. पडदे त्यांत अडकवले की खोली कशी हॉटेलासारखी दिसायची. वन्संनी कड्यांकडे बघितलं आणि त्या गप्प राहिल्या. ह्याचा अर्थ कळायला मला एक पावसाळा लागला. खाऱ्या हवेनं कड्यांचा मुलामा सोलून निघाला आणि प्रत्येक पडद्यावर गंजाचे तांबडे ओघळ उतरले. मी मुकाट्यानं कड्या उपटल्या. त्यातली एक वन्संनी उचलली आणि स्वयंपाकघरात, गॅसच्या वर, सुतळीनं टांगली. म्हटलं, "ही कशाला?" तर म्हणाल्या, "राहू दे. नमुना हाय." पुढची कित्येक वर्षं मी दिवसातून चार वेळा त्या गंजक्या कडीखाली उभी राहून चहा केलेला आहे. ह्याला मी छळ म्हणते.

त्यानंतर घरातले पडदे त्यांच्या ताब्यात गेले. पर्यटकांच्या पहिल्या खोलीला काथ्याच्या सुंभाचा पीळ आणि त्यात ओवलेली घासून गुळगुळीत केलेली करवंटी. दुसरीला स्टीलचे दोन जुने डाव, दांडा वाकवून भिंतीला ठोकलेले. मधल्या खोलीला ह्यांचा पट्टा. न्हाणीघराच्या छोट्या पडद्याला निवडणुकीच्या ड्यूटीवर गळ्यात घालायला मिळालेली ओळखपत्राची फीत. मी बाहेर गेले की परत येताना धास्ती असायची की आता काय गेलं. माझी केसांची रिबीन गेली, डब्याच्या पिशवीचे बंद गेले, मुलाचा शाळेचा टाय तर त्याची दहावीची परीक्षा संपली त्याच दिवशी गेला. विचारलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "वस्तू रिटायर होत न्हाय गो. तिची फक्त बदली होते."

हे वाक्य त्या अशा थाटात म्हणायच्या की जणू सरकारी आदेश. आणि वाईट म्हणजे पर्यटकांना ते फार आवडायचं. पुण्याच्या एका बाईंनी करवंटीचे फोटो काढले आणि मला विचारलं, हे कुठं मिळतं. मी म्हटलं, कुठं मिळत नाही, आमच्या वन्संना तो नाद आहे. 'नाद' मी जरा ठसक्यात म्हटलं होतं. वन्संनी ते ऐकलं आणि त्या पाहुणीला तासभर समोर बसवून सुंभ वळायला शिकवलं. शेवटी तिच्याकडून गाठ मारून घेतली. तिनं घट्ट गाठ मारली तेव्हा वन्संनी तिच्या हातावर चापट मारली. पैसे देऊन राहायला आलेल्या बाईच्या हातावर! मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बाई मात्र हसत होती.

त्या गाठीवरून त्यांचं आणि जगाचं भांडण होतं. पडद्याला कधी निरगाठ मारायची नाही, सुरगाठच मारायची. "वारा कधी फिरेल सांगता येत न्हाय. एका ओढीत सुटली पाहिजे." सुरगाठ मारताना त्यांची बोटं इतकी भरभर चालायची की बघणाऱ्याला नुसतं टोक बाहेर आलेलं दिसे. मला ती गाठ त्यांनी सात-आठ वेळा शिकवली. मला येत होती. मी मुद्दाम चुकवायची, कारण शिकवताना त्यांचा आवाज चौथीच्या वर्गातला व्हायचा आणि मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई होते.

एकदाच त्या स्वतःविषयी बोलल्या. पर्यटक नव्हते, वीज गेलेली, दुपारची वेळ. मी काहीतरी लागट बोलले, की एकटीच्या संसाराला पडद्यांचं एवढं काय कौतुक. त्यावर त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकट्या बाईच्या खोलीला आधी पडदा लागतो, मग चूल." मग सांगायला लागल्या. पहिली बदली झाली तेव्हा त्या गावात खोलीच मिळेना. दारात उभं राहून आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. कालपर्यंत रिकामी असलेली खोली त्यांच्या आडनावानं भरायची. शेवटी एका घराच्या मागची पडवी मिळाली. दाराला फळी नव्हती, म्हणून लुगड्याचा पडदा लावला. घरमालकीण येता-जाता त्यात डोकावायची, वन्संकडे कोण येतं, काय शिजतं. "मग मी दिवसभर पडदा बांधूनच ठेवायला लागले. खिडकीच्या गजाला, हाताला लागेल त्यानं. सायकलची ट्यूब, पाटीची दोरी. बघा म्हटलं, काय बघायचं ते बघा. लपवण्यासारखं हाय काय माझ्याकडे?" अशा सहा खोल्या त्यांनी केल्या. मी आत जाऊन चहा टाकला. त्या दिवशी कडीकडे बघितलं नाही.

पण कुणाची कहाणी ऐकून माणूस आवडायला लागतो असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी चादरींची घडी मोडून पुन्हा घातली आणि आम्ही पूर्ववत झालो.

त्यांची आणखी एक कटकट होती. पाऊस संपून ऊन कडक झालं की घरातला कपडा न् कपडा अंगणात आणायचा. ट्रंका, कपाटं, गाद्या, सगळ्याला ऊन दाखवायचं. इकडे किनाऱ्यावर घरोघरी हे करतात, नाही केलं तर खारी ओल कपडा खाते. मी करत होतेच, पण माझी एक ट्रंक सोडून. पलंगाखालची निळी ट्रंक. तिच्यात माझ्या आईची साडी होती.

आई तळ्यात अंगणवाडीत मदतनीस होती. ती गेली तेव्हा तिच्या मागे माझ्यासाठी एवढीच वस्तू राहिली, तिची लग्नातली साडी. आमच्यात नवरी नेसते तशी पांढरी, निळ्या काठाची. काठाला एका ठिकाणी रफू होतं, तेही लाल दोऱ्यानं, कारण निळा दोरा घरात नव्हता आणि आईला थांबायची सवय नव्हती. ती साडी मी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं. तळ्यात आम्ही असंच ठेवायचो. उघडायची हिंमत नव्हती. वन्सं दर वर्षी म्हणायच्या, "सुनंदा, त्या निळ्या ट्रंकेला ऊन दाखव." मी दर वर्षी म्हणायची, "माझी ट्रंक, मी बघीन." एकदा तर मी म्हटलं, "माझ्या आईलाही तुम्ही आता शिस्त लावणार का?" त्यानंतर त्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी भाचीच्या लग्नाला तळ्याला गेले. आठ दिवसांनी परत आले, चप्पल काढून पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि समोर खिडकी. पडदा डाव्या बाजूला बांधलेला. बांधलेली पट्टी निळी. जवळ गेले तर लाल दोऱ्याचं रफू.

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या जनाबाय मासळीची पाटी अंगणात ठेवून आत आल्या, इतका आवाज झाला. तुम्ही मला कधी आवडला नाहीत, हे दुसऱ्यांदा तेव्हा सांगितलं. चोर म्हटलं. ज्या बाईनं कधी पोर जन्माला घातलं नाही तिला आई म्हणजे काय कळणार, असंही म्हटलं. हे वाक्य मला आजही परत घेता येत नाही. वन्सं खुर्चीत बसून होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "कुलूप गंजून हातात आलं. साडीची बदली झाली असं समज." आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं माझ्यापुढे ठेवलं. "हे बाकीचं." मी ते न उघडताच ट्रंकेत भिरकावलं.

जनाबाय जाताना ह्यांना म्हणाल्या, "बाई लय कडक, पन सुनंदाबी काय कमी न्हाय." ह्यांनी मान हलवली. कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

काठ मी लगेच सोडला. हातात घेऊन घरभर फिरले. ट्रंकेत परत टाकवेना, कपाटात ठेवला तर नजरेआड होईल. शेवटी पुन्हा पडद्यालाच बांधला, पण रागानं, निरगाठ मारून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सुरगाठ. मी सोडली, निरगाठ मारली. दुपारी पुन्हा सुरगाठ. चार महिने आमचं बोलणं बंद होतं आणि चार महिने हे रोज चाललं. वन्सं समोर बसलेल्या असताना मी ह्यांना सांगायची, "तुमच्या बहिणीला विचारा भाकरी हवी का भात." ह्यांनी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणायच्या, "भात." पण त्या काठाला रोज माझा हात लागत होता. लाल रफूवरून अंगठा फिरत होता. आईच्या मृत्यूनंतर तिची वस्तू मी कधी हातात घेतली नव्हती, ती आता दिवसातून दोनदा घेत होते, आणि मनातल्या मनात नणंदेला शिव्या देत होते. बोलणं पुढे सुरू झालं, पण माझी माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही त्यांची मागितली नाही.

मग वन्संचे डोळे गेले. दोन्हीकडे मोतीबिंदू, त्यात दम लागायला लागला. माझा मुलगा कामोठ्याला असतो, त्याच्या घराशेजारीच दवाखाना. तो म्हणाला, आत्याला मी नेतो. वन्संनी विरोध केला नाही. म्हणाल्या, "बदली आली म्हणायची." त्यांची ट्रंक काढली तर तिचा तळ गंजून हातात आला. म्हणून त्यांच्या सामानासाठी मी माझी निळी ट्रंक रिकामी करायला बसले. तळाशी ते वर्तमानपत्राचं पुडकं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघडलं.

आत साडी नव्हती. जाळी होती. पांढरी पावडर आणि भोकं, आणि घडीवर बोट ठेवलं तर घडी तुटत होती. ही त्या पुडक्यात खाल्ली गेली असंही म्हणायला जागा नव्हती, कारण वन्संनी घड्यांच्या मध्ये जुन्या पेपरचे तुकडे घालून, कडुनिंबाचा पाला टाकून, जेवढी होती तेवढी सांभाळलेली होती. साडी त्याआधीच, माझ्या कुलपात, माझ्या डांबरगोळ्यांत खलास झाली होती. किनाऱ्यावर राहून मी तळ्याच्या रीतीनं ट्रंक ठेवली होती. धड उरलेला फक्त काठ होता, आणि तो त्यांनी कापून वाचवला होता.

मी पुडकं तसंच उचललं आणि त्यांच्यापुढे नेलं. त्यांना दिसत नव्हतं, वासावरून कळलं असावं. मी म्हटलं, "तेव्हा सांगितलं का नाही?"

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "काय सांगायचं? तुझ्या आईची साडी तुझ्या हातानं गेली म्हणून? तू माझ्यावर चिडलीस, बरं झालं. ते तुला पेलत होतं."

"मी तुम्हाला चोर म्हटलं. नको ते बोलले."

"व्हय. ऐकलं मी. कान शाबूत हायत." आणि लगेच, "ट्रंक पुसून घेतलीस का? ओली भरू नको."

एवढी बोलणारी बाई. घडी चुकली तर बोलणारी, चहात साखर चमचाभर जास्त पडली तर बोलणारी. माझी गंजकी कडी वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावर टांगणारी. आणि जे एक वाक्य बोलून ती मला कायमची खाली बघायला लावू शकली असती, ते तिनं गिळलं. मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. माणसानं एवढं कुणाला ऋणात ठेवू नये.

सकाळी त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी कात्री घेतली आणि त्यांच्या शबनम पिशवीचा पट्टा कापला. सहा गावांतून त्यांच्या खांद्यावर फिरलेला, घामानं काळा पडलेला. पुढच्या खोलीच्या खिडकीला डावीकडे आईचा काठ होता. उजवा पडदा मी त्या पट्ट्यानं बांधला. सुरगाठ मारली, त्यांनी शिकवलेली, एका ओढीत सुटणारी. निघताना मुलानं त्यांना हात धरून पुढच्या खोलीत आणलं. खिडकीपाशी त्या थांबल्या. डावीकडे हात फिरवला, मग उजवीकडे. पट्टा चाचपला, गाठीचं टोक बोटात धरून बघितलं. बिनपट्ट्याची पिशवी काखेत मारून गाडीत बसल्या.

नंतर फोन यायचे. "ऊन दाखवलंस का?" "ट्रंक तुमच्याकडे आहे, वन्सं." "मग कपाटाला दाखव." पट्ट्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी वाट बघत होते. एकदा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इकडे माझी हिरवी ओढणी सापडत नव्हती, स्कूटीवर तोंडाला बांधायची. दोरीवरून वाऱ्यानं नेली असेल म्हणून मी वाऱ्याला शिव्या घातल्या.

पुढचा पावसाळा सरत आला तेव्हा वन्सं कामोठ्यातच गेल्या. ऑपरेशन झालेलं होतं, दिसायला लागलं होतं, पण छातीनं दगा दिला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आम्ही इथं घरीच केला. बुद्धवंदना झाली, त्यांनी शिकवलेली माणसं आली, केस पिकलेली माणसं, आणि 'बाई' म्हणून रडली. मी नाही रडले. मला वाढायचं होतं.

सगळे गेल्यावर मुलानं निळी ट्रंक आणि ती पिशवी माझ्यापुढे ठेवली. पिशवीला नवा पट्टा होता. हिरवा, तिपेडी विणलेला. माझी ओढणी. म्हणजे मी त्यांचा पट्टा कापायच्या आधीच की नंतर, काय ठाऊक, पण त्या दिवशी माझ्या घरातून निघताना बाईनं माझीच वस्तू काखेतल्या पिशवीत घालून नेली होती. डोळ्यांनी दिसत नसताना.

पट्टा सोडावा म्हणून मी गाठीला हात घातला. टोक ओढलं. सुटेना. उजेडात नेऊन बघितलं. दोन्ही बाजूंना निरगाठ होती. घट्ट, ओढून, वर पुन्हा एक मारलेली. माझी गाठ, जी त्या चार महिने रोज सोडत होत्या.

हे म्हणाले, "नखांनी नाही सुटायची. कात्रीनं काप."

मी म्हटलं, "कात्रीला हात लावाल तर बघा."